आफ्रिकेची सफर आणि मुक्कामाचा प्रश्न



काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या अर्थसंकल्पावर व्हायचे आहे. मधल्या दिवशी आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला उभे करून ‘आफ्रिकेची सफर’ हा विषय द्यावा, यात कार्यवाहांनी काही थट्टा योजली असावी, अशी शंका आम्हाला आली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटात झाले, आणि त्या कपाटाला कुलूप नव्हते एवढेच आमच्या विद्वत्तेचे रहस्य. परंतु कार्यवाहांचे म्हणणे असे पडले की, आपल्या गावची पुष्कळ मंडळी हल्ली केनिया-टांझानियाला जाण्याचा बेत करतात, लाखांत पैसे मोजतात, आणि परत आल्यावर ‘राहण्याच्या जागेने घात केला’ असे सांगत बसतात. तुम्ही सहा जण जाऊन आलात, ते कसे ठरवलेत तेवढे सांगा. तेवढे सांगतो.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द. त्याचा अर्थ प्रवास, एवढाच. मूळ अरबी ‘सफर’, आणि तोच फारसीवाटे आपल्याकडे आला, म्हणजे शब्द तसा नात्यातला आहे. पण या साध्या शब्दाला साहेबाने बंदूक चिकटवली. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले, तेव्हा त्यांनी व त्यांच्या मुलाने मिळून पाचशेंवर जनावरे मारली. ओझी वाहायला हमालांची लांबच लांब रांग होती, आणि त्या ओझ्यांत पुस्तकांची एक पेटीसुद्धा होती. आम्ही पुस्तकांचे भक्त, तरी ती पेटी कोणाच्या डोक्यावर होती हेच आम्हाला आधी आठवते. केनियात शिकारीवर १९७७ साली बंदी आली. आता बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे. हमालाच्या जागी कोण आहे, ते पुढे येईलच.

आमच्या बेताचे मूळ एका टर्नरमध्ये आहे. बत्तीस वर्षे लेथवर उभे राहिलेला माणूस. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत टेलिव्हिजनवर त्यांनी पाहिले की, हजारो जनावरे नदीच्या काठावरून खाली उड्या घेत आहेत, पाण्यात मगरी आहेत, आणि तरी मागची जनावरे पुढच्यांना ढकलीत आहेत. भोंगा झाला आणि चित्र अर्धे राहिले. ‘ते पुढचे अर्धे पाहायचे आहे,’ असे ते आम्हाला तेव्हापासून सांगत.

पगारी रजा ही गोष्ट कामगाराला कोणी दानात दिलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३६ साली त्याबद्दलचा ठराव केला, त्यात वर्षाच्या नोकरीनंतर निदान सहा दिवस, एवढेच मागणे होते. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस दिला. रजेचे कलम आम्ही मागणीपत्रकांत कितीदा लिहिले असेल! पण ती रजा जाते कोठे? गावाकडच्या पेरणीत, बहिणीच्या लग्नात, कोर्टाच्या तारखेत. टर्नरांनी एकदा सलग बारा दिवस मागितले, तर वरिष्ठांनी विचारले, ‘आफ्रिकेत तुमचे कोण आहे?’ रजा नामंजूर झाली. शेवटी ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही भिशी सुरू केली. करोनाच्या काळात ती मोडावी लागली आणि पैसे इस्पितळात गेले. २०२१ च्या दिवाळीत पुन्हा पहिला हप्ता पडला. सहा जण होतो: चार निवृत्त कामगार, पॅकिंग खात्यातल्या एक बाई आणि आम्ही. सहाच का, तर जंगलात फिरणाऱ्या मोठ्या गाडीत सहा जणांना सहा खिडक्या मिळतात. सातवा आला की कोणीतरी मध्ये बसतो, आणि मध्ये बसणारा माणूस पहिल्या दिवसापासून विरोधी पक्षात जातो.

आता हंगामाचे पाहा. विल्डबीस्ट नावाचे जनावर आहे, त्याला नू असेही म्हणतात. तोंड गाईचे, दाढी बोकडाची, पाठ उतरती. अशी बारा-तेरा लाख जनावरे, बरोबर लाखोंनी झेब्रे व हरणे, वर्षभर गवताच्या मागे एक मोठा फेरा घालीत असतात. त्यांना सरहद्दीची ओळख नाही. जानेवारी ते मार्च ती टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाला, न्डुटूच्या आसपास असतात. त्यातल्या फेब्रुवारीत बहुतेक पिले जन्मतात. एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ, तेव्हा कळप उत्तर-पश्चिमेकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर ती केनियाच्या बाजूला मारा नदीशी येतात, आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हा दक्षिणेस वळतात. तेव्हा ‘आफ्रिकेला जायचे’ हे काही ठरवणे नव्हे. काय पाहायचे, त्यावरून महिना ठरतो. महिन्यावरून देश ठरतो, आणि देशावरून गेट.

गेट हा शब्द निघाला आणि आमचा जीव रमला. आमचे उभे आयुष्य गेटावर गेले. गेटसभा कोठे घ्यायची, पाळी सुटताना माणसे कोणत्या दरवाज्याने बाहेर पडतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याने युनियन काढू नये. जंगलाचेही तेच निघाले. ताडोब्याला जाऊन आलेल्यांना हे सांगणे न लगे. मोहर्लीच्या गेटाचे आरक्षण हाती आणि मुक्काम कोलाऱ्याला, अशी फजिती आपल्याकडेही होते.

आम्ही दोन-तीन ठिकाणांहून भाव मागवले. सर्वांत स्वस्त भाव ज्यांचा आला त्यांच्या चोपडीत पोहण्याचा तलाव होता, पंचपक्वान्नांचा फोटो होता, आणि ‘मसाई माराजवळ निवांत मुक्काम’ असे शब्द होते. ‘जवळ’ हा शब्द करारात आला की आमचे कान उभे राहतात. आम्ही विचारले, गेट कोणते? उत्तर आले, ‘सगळी गेटे जवळच आहेत.’ मग आम्ही नकाशा पसरला. मारा हे अभयारण्य सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे. त्याला सेकेनानी, तालेक, ऊलूलाइमुतिया, मुसियारा अशी निरनिराळी गेटे. आमचा ‘निवांत मुक्काम’ त्यांतल्या सर्वांत जवळच्या गेटापासून खडबडीत रस्त्याने दीड तासावर निघाला.

येथे आम्ही कामगारी हिशेब केला. मारात परदेशी प्रवाशाला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. (निघण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे, असे दर वाढतात, कमी झाल्याचे आम्ही ऐकले नाही.) विषुववृत्तापाशी दिवस बाराही महिने सुमारे बारा तासांचा. म्हणजे हंगामात तासाला सतरा डॉलरच्या आसपास पडले. जाण्यायेण्यात तीन तास गेले की माणशी पन्नास डॉलर गेटाबाहेरच्या धुळीत सांडले. आणि सांडतात ते कोणते तास? सकाळचे. सिंह, चित्ता, तरस यांची हालचाल पहाटे व सायंकाळी. दुपारी सिंह पाहणे म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या घरी दुपारी पाहुणचाराला जाणे. स्वस्त खाटेत वाचलेले पैसे असे वळचणीने निघून जातात.

याच सभेत पॅकिंगच्या बाईंनी एक प्रश्न टाकला आणि आम्हाला थोडी लाज वाटली, कारण तो आम्ही विचारायला हवा होता. त्या म्हणाल्या, ‘दीड तास लांब राहायचे आणि सहाला गेटावर पोहोचायचे, तर ड्रायव्हर उठणार कधी? आणि तो झोपणार कोठे?’ आम्ही तो प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठवला. तलाववाल्यांचे उत्तर आले नाही. दुसऱ्या एका ठिकाणाहून लगेच आले: ड्रायव्हरला छावणीत वेगळी खोली व जेवण, त्याच्याकडे केनियाच्या व्यावसायिक वाटाड्यांच्या संघटनेची परीक्षा पास झाल्याचा बिल्ला, आणि बक्षिशी द्यायची झाली तर छावणीतल्या सामायिक पेटीत, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही वाटा. या बिल्ल्यांत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात, आणि परीक्षा जनावरे, पक्षी, झाडे, कायदा अशा सगळ्यांची असते. आपल्याकडील कुशल कामगाराच्या श्रेणीसारखेच ते आहे. हॉटेल कामगारांची तेथे युनियनही आहे. तिच्या नावात घरकामगार, हॉटेले, शिक्षणसंस्था, इस्पितळे सगळे येते आणि त्या आद्याक्षरांचा उच्चार करताना आमची जीभ वळेना. तेव्हा तुम्ही जागा निवडताना गादी किती इंच जाडीची आहे ते जरूर विचारा, पण त्याआधी ड्रायव्हर कोठे झोपतो ते विचारा. ज्या छावणीला याचे उत्तर देता येते तिला बाकीचीही उत्तरे देता येतात, असा आमचा अनुभव झाला.

राहण्याचे प्रकार मुख्यतः तीन. अभयारण्याच्या आत राहावे. सकाळ हातात सापडते, पण खर्च भारी, आणि जितक्या रात्री आत काढाल तितके दिवस शुल्क. गेटाच्या अगदी बाहेर राहावे. येथे साध्या तंबूंपासून पक्क्या लॉजपर्यंत सर्व काही मिळते. तिसरा प्रकार आम्हाला जाण्यापूर्वी ठाऊक नव्हता, आणि त्याच्यावर थोडे थांबायला हवे.

अभयारण्याच्या उत्तरेस व पूर्वेस जी जमीन आहे ती मासाई लोकांची, आता कुटुंबांच्या नावे तुकडे पडलेली. एकेकट्याने आपला तुकडा विकला किंवा कुंपण घातले तर जनावरांचा मार्ग तुटतो. म्हणून या जमीनधारकांनी एकत्र येऊन जमिनी छावण्यांना भाड्याने दिल्या आणि बदल्यात दरमहा ठरलेले भाडे घेतले. यांना कॉन्झर्वन्सी म्हणतात. आम्ही आपले सामायिक रान म्हणतो. नाबोइशो हे असे एक रान २०१० साली झाले. पाचशेंवर जमीनधारक, सुमारे ५०,००० एकर. एका जागी गाड्या किती थांबाव्यात, खाटा किती असाव्यात, याला मर्यादा. अभयारण्यात ज्याला मनाई आहे ते रात्रीचे फिरणे व पायी चालणे येथे वाटाड्याबरोबर करता येते. आणि येथील मुक्कामात त्या रानाचे शुल्क बहुधा आलेले असते. अभयारण्यात शिरलात तरच तेथले तिकीट पडते.

युनियनच्या माणसाला सामुदायिक कराराचे नाव ऐकून उमाळा यावा हे साहजिक. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भाडे छावणीच्या धंद्यावर उभे आहे. २०२० साली प्रवासी थांबले तेव्हा ती घरेही अडचणीत आली. गुरे कोठे, कधी चारायची यावर बंधने येतात, आणि ज्याच्या नावे जमीनच नाही त्याच्या हाती भाडेही पडत नाही. तरीसुद्धा शेजारच्या देशात काय झाले ते आठवले की हा मार्ग बरा वाटतो. सेरेंगेटी राखीव करताना १९५९ साली तिथल्या मासाईंना उठवून न्गोरोंगोरोच्या पठारावर पाठवले, आणि तेथे तुम्ही राहाल असा शब्द दिला. २०२२ पासून त्याच न्गोरोंगोरोतून कुटुंबे दूर हांडेनी जिल्ह्यात म्सोमेरा येथे हलवली जात आहेत. सरकार त्याला स्वेच्छेचे स्थलांतर म्हणते; तिथल्या पुष्कळांची तक्रार आहे की शाळा-दवाखान्याच्या सोयी आटवून स्वेच्छा उत्पन्न केली. कोयनेच्या विस्थापितांबरोबर ज्यांनी मोर्चे काढले त्यांना हे शब्द नवे नाहीत. आपली खाट कोणाच्या जमिनीवर घातली आहे, हे प्रवाशानेही जाणून घ्यावे.

आमचा ठराव शेवटी असा झाला: सप्टेंबर २०२४, नैरोबीत एक रात्र, तालेक गेटाच्या बाहेर साध्या तंबूंत दोन रात्री, मधला पूर्ण दिवस नदीवर, आणि नंतर दोन रात्री सामायिक रानात. म्हणजे २०० डॉलरचे तिकीट एकदाच. दोघांचे मत फेब्रुवारीचे होते, पिले पाहायला मिळतात आणि माराचे शुल्कही निम्मे. त्यांना नकाशा दाखवावा लागला की पिले सेरेंगेटीत जन्मतात आणि निम्मे शुल्क मारात आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी आणि पिवळे पुस्तक जपावे. ते नसेल तर परतताना आपलेच सरकार तुम्हाला अडकवून ठेवील. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. प्लास्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून बंद. व्हिसाऐवजी २०२४ पासून इंटरनेटवरून परवानगी काढावी लागते. आणि स्वेटर न्या. विषुववृत्त ऐकून आमच्यापैकी दोघांनी नेले नाहीत, आणि मारा पंधराशे मीटर उंचीवर आहे.

नैरोबीतला एक दिवस आमच्या हट्टासाठी होता. मोंबासाहून किसुमूपर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली गेली ती आपल्या देशातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांकडून, आणि त्यातले सुमारे २,५०० तिकडेच मेले. त्सावोच्या पुलावर १८९८ साली दोन सिंहांनी मजूर खाल्ले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती चित्तथरारक आहे. तापाने आणि अतिसाराने माणसे मेली ती गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच शहरात मखनसिंग नावाच्या पंजाबी तरुणाने १९३५ पासून हिंदी व आफ्रिकी कामगारांची एक युनियन उभी केली, आणि एप्रिल १९५० मध्ये कालोलेनीच्या सभागृहात पूर्व आफ्रिकेला स्वातंत्र्य द्या, अशी उघड मागणी केली. मे महिन्यात त्याला पकडले ते १९६१ साली सोडले. आम्ही कालोलेनीला गेलो. साधेच सभागृह आहे. दारात थोडा वेळ उभे राहिलो. ड्रायव्हरने गाडी बंद करून वाट पाहिली आणि नंतर विचारले, ‘येथे तर कोणी प्रवासी येत नाहीत?’

आता नदीचा दिवस. गेट उघडता उघडता आत शिरलो आणि नऊच्या सुमारास नदीशी पोहोचलो. पलीकडे कळप जमत होता. अकरापर्यंत काठ काळा झाला. आम्ही आयुष्यात संपाची मते पुष्कळदा घेतली आहेत. अगदी तेच दृश्य. मागचे पुढच्यांना रेटतात, पुढचे पाण्याला तोंड लावून मागे फिरतात, पहिले पाऊल कोणी टाकीत नाही. आमच्या बाजूला पाहता पाहता तीसेक गाड्या झाल्या. काही काठाला भिडल्या. आमचा ड्रायव्हर मागे झुडपांशी थांबला होता. आमच्यातल्या एकाने त्याला सांगितले, पुढे घे, वेगळे पैसे देऊ. त्याने मान हलवली. नियम नाही, म्हणाला, आणि कळप बिचकतो. आमच्या माणसाने रक्कम वाढवली.

तेव्हा टर्नर पहिल्यांदा बोलले. खरे तर तो दिवस त्यांचा होता. म्हणाले, ‘मशीनचे गार्ड काढून माल काढ म्हणणारा मुकादम आपण पाहिलेला आहे. याला सांगू नका.’ आणि दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावली.

सहा तास बसलो. तीनच्या सुमारास पुढच्या गाड्यांपैकी एक जागा बदलायला हलली. कळप एकदम वळला आणि टेकाडामागे गेला. दहा मिनिटांत काठ रिकामा. नदी ओलांडण्याचे दृश्य आम्ही पाहिलेले नाही, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. ज्या कोणाच्या चोपडीत ते ‘हमखास’ म्हणून छापलेले असेल त्याच्याशी व्यवहार करू नये. परतताना गाडीत कोणी बोलेना. थोड्या वेळाने टर्नरच म्हणाले, ‘सभा तहकूब झाली, बरखास्त नाही.’

दुसऱ्या दिवशी सामायिक रानात गेलो. छावणी लहान, दहा तंबू, भोवती कुंपण नाही. गरम पाणी बादलीने आणून तंबूमागच्या पिशवीत ओततात, तेवढीच न्हाणी. पक्क्या भिंतींचे लॉज घ्यावे असा आग्रह ज्यांनी धरला होता ते येथे कुरकुरले. रात्री नवाच्या सुमारास विल्डबीस्टचा एक कळप गवत खात तंबूंच्या मधून जाऊ लागला. त्यांचा आवाज हुंकारासारखा, जाड, एकाने दिला की दुसरा देतो. मध्येच झेब्र्यांचे भुंकणे. कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर त्यांचे गवत उपटणे ऐकू येई. बाहेर पडायचे नाही अशी सक्त ताकीद होती. पहाटे तीनला जाग आली तेव्हा शेजारच्या खाटेवर टर्नर उठून बसलेले होते, तंबूच्या जाळीला कान लावून. ‘झोपला नाहीत?’ आम्ही विचारले. त्यांनी तोंडावर बोट ठेवले.

सकाळी पाहारेकरी मासाई तरुणाने त्यांना खुरांचे ठसे दाखवले. ते गुडघ्याने अधू, तरी वाकून एक ठसा त्यांनी बोटांनी मापला, आणि किती मिलिमीटर ते आम्हाला सांगितले. तो आकडा त्यांना विचारा. तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

आम्ही नकाशा बरोबर आणला आहे. व्याख्यानानंतर टेबलावर पसरून ठेवतो. ज्यांचा बेत असेल त्यांनी आपापल्या कंपनीने दिलेले कागद आणले असतील तर घेऊन यावे, म्हणजे तुमचा मुक्काम कोणत्या गेटाशी पडतो ते एकदा पाहून घेऊ.